उचल घेतली, मग फेडायची कधी?

कराड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, गणित विषय. गेले दोन गाळप हंगाम ती संध्याकाळी गावाबाहेर ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, मुलांना शिकवायला जाते. तिला बी.एड. करायचंय. बाबा म्हणतात, ही हौस झाली, बँकेच्या परीक्षा दे. तिची स्वतःची शंका वेगळी आहे: "दोन वर्षांत एकाही मुलाचं पुस्तक पूर्ण झालं नाही. कारखाना बंद झाला की टोळी उठते आणि सगळं तिथंच राहतं. मी खरंच शिकवू शकते का?"

तुझ्या पत्रातला एक परिच्छेद मी तीनदा वाचला. वजाबाकीत हातचा कसा घ्यायचा हे मुलांना कळेना, तेव्हा तू म्हणालीस, शेजारच्या घराकडून दहाची उचल घ्यायची. उचल म्हटल्यावर सगळे हसले, कारण मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, त्यांच्या घरात रोजच्या बोलण्यातली. मग बापाच्या मोळ्या तोंडी मोजणाऱ्या त्या मुलानं विचारलं, "ताई, ही उचल फेडायची कधी?" तुला उत्तर सुचलं नाही, आणि ते तू अपयशाच्या खात्यात मांडलंस.

अगं, त्या पोरानं तुझ्या उदाहरणाचं भोक दाखवलं! वजाबाकीत काहीच फेडायचं नसतं, कारण कर्ज नसतंच. दहाची नोट मोडून सुट्टे केले, एवढंच. उदाहरण मुलांच्या जगातलं असून भागत नाही, ते गणिताशीही प्रामाणिक असावं लागतं. हे वाक्य बी.एड.च्या तासाला तू वहीत उतरवून घेतलं असतंस आणि परीक्षेनंतर विसरली असतीस. आता विसरणार नाहीस.

मीही काही वर्षं वर्गावर होतो. "समजलं का?" विचारलं की चाळीस जण "हो सर" म्हणायचे आणि मी पुढचं उदाहरण घ्यायचो. तुझ्या कोपीवर ती सोय नाही. पोराला कंटाळा आला की ते उठून वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायला जातं. नऊ वर्षांची ती मुलगी भावाला कडेवर घेऊन येते आणि तो रडला की तिचा तास संपतो, म्हणून तू दहा मिनिटांचे तुकडे पाडायला लागलीस. पाठ टाचण, म्हणजे तासाची आखणी, यालाच म्हणतात, फक्त तुला कुणी तक्ता आखून दिला नव्हता.

साताऱ्याच्या माणसानं पत्रात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेणं नेहमीचंच. तरी क्रम बघ. 1919 मध्ये तुझ्याच तालुक्यातल्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह निघालं, आणि शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज आलं 1935 मध्ये. आधी मुलांसोबत राहणं, मग शिक्षक तयार करणं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सात-आठ मुलं "ताई, ताई" करत भोवती बसतात त्याचं सुख वेगळं. शाळेत पन्नास असतील आणि त्यातल्या दहांना तू आवडणार नाहीस. तुला शिकवणं आवडतं की मुलांची लाडकी असणं आवडतं, हे अजून तुलाही माहीत नसेल. गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना विचारून आठवडाभर आठवीच्या शेवटच्या बाकावर बस. शक्य झालं तर दोन तास घे. त्यानंतरच ठरव.

आता कागदोपत्री. बी.एड. दोन वर्षांचं, प्रवेश राज्याच्या सीईटीतून, म्हणजे प्रवेश परीक्षेतून. त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात, तिथं तुझे हे दोन हंगाम उपयोगी पडतील. मात्र पहिली ते पाचवी शिकवायची असेल तर बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये हे स्पष्ट केलंय. तुझी कोपीवरची बहुतेक मुलं त्याच वयाची दिसतात, म्हणून आधी विचार कर. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन, त्यात गणित-विज्ञान गट. पुढं अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. भरती वेळेवर निघत नाही, हे धरून चाल. बँकेची तयारी सोडू नकोस. अभियोग्यता चाचणीतही अंकगणित आणि बुद्धिमत्ता असतेच, त्यामुळे अभ्यास वाया जाणार नाही, घरही शांत राहील.

येत्या हंगामात एक वही ठेव. तारीख, काय शिकवलं, कोण कुठं अडलं आणि कुणी काय विचारलं, एवढंच लिही. मुलं किती हुशार वगैरे काही लिहू नकोस.

आणि सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून माध्यमिकला महिना 18,000 मानधन असतं, हे बाबांना तूच सांग. माझ्याकडून कळलं तर ते मलाच फोन करतील.