कन्व्हर्टर बदलायच्या आधी तो कशानं मेला ते बघा

प्रश्न (एक वाचक, खानापूर): दादा, माझी पेट्रोल गाडी 2014 ची, केए 22 पासिंग, 1 लाख 40 हजार किमी पळालीय. पावसाळ्यात मधेमधे मिसिंग मारत होती पण रोजचं बेळगाव अप-डाऊन, म्हणून तशीच चालवली. आता महिना झाला पिकअपच गेलंय, परवा चोर्ला घाटात चौघं बसलेलो तर दुसऱ्या गिअरच्या वर गेलीच नाही. इंजिनचा पिवळा लाइट लागलाय. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून पी 0420 कोड दाखवला, म्हणाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला. दुसरा म्हणतोय कशाला एवढा खर्च, सळी घालून आतली जाळी फोडतो, गाडी पळतीय बघा. काय करू सांगा की.

उत्तर: भाऊ, जाळी अजिबात फोडू नका, हे पहिलं. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा, आणि त्यातली ती जाळी म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा लेप, आणि इंजिनातून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड तिथंच जळून साफ होतो. ती काढली की लाइट तसाच राहणार, एमिशन टेस्टला गाडी अडकणार, कायद्यानं दंड 10,000 रुपयांपर्यंत, आणि मागनं येणारा टू-व्हीलरवाला तो धूर छातीत घेणार ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कोडची नाही, 'पावसाळ्यात मिसिंग मारत होती' ही आहे. कन्व्हर्टर आपोआप सहसा मरत नाही हो, त्याला कुणीतरी मारतं. ठिणगी पाडणारी कॉइल किंवा प्लग धड काम करत नसला की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि कन्व्हर्टरच्या आत जाऊन पेटतं, मग आतली वीट वितळते. माझ्या जुन्या व्हॅनचं असंच झालेलं. एका गॅरेजात नवा कन्व्हर्टर बसवला, कॉइल कुणी बघितलीच नाही, सहा महिन्यांत नवाही गेला. काढून उजेडात धरला तर निम्मी भोकं वितळून बंद, कढईच्या बुडाला लागलेल्या कुंद्यासारखा तपकिरी गोळा, आणि हलवला की आत तुकडे खुळखुळत होते. पैसे गेले त्यापेक्षा, कुणी आधी सांगितलं नाही याचं वाईट वाटलं, म्हणून तुम्हाला एवढं लांबण लावून सांगतोय.

पी 0420 म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसावा एवढीच सूचना, 'कन्व्हर्टर बदला' असा हुकूम नव्हे. कन्व्हर्टरच्या पुढं एक आणि मागं एक ऑक्सिजन सेन्सर असतो. गाडी गरम झाल्यावर पुढचा 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सारखा वरखाली करतो, मागचा मात्र 0.6-0.7 च्या आसपास शांत राहिला पाहिजे. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असला तर कन्व्हर्टर काम करत नाही. पण सायलेन्सरचा पाइप जॉइंटला फुटून हवा घेत असेल किंवा सेन्सरच बाद असेल तरी हाच कोड येतो, त्यामुळं आधी ते बघून घ्या.

गाडी चढत नाही हे लक्षण कन्व्हर्टर चोक झाल्याचं, म्हणजे तुंबल्याचं. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायला सांगा, 2500 आरपीएमला 3 पीएसआयच्या वर काटा गेला तर आत तुंबलंय म्हणून समजा. गेज नसलं तर सेन्सर काढलेला ठेवूनच थोडी चालवून बघायची, आवाज भयंकर येतो, पण पिकअप परत आलं तर निदान झालं. मात्र वायरिंग त्या भोकापासनं लांब बांधा, तिथनं आग निघते.

बदलायचंच ठरलं तर आधी प्लग, कॉइल, इंजिन ऑइल खातंय का, कूलंट कमी होतंय का हे सगळं बघा, मगच नवा बसवा. आपल्याकडच्या पावसानं नट गंजून बसलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा, काम गाडी पूर्ण थंड असतानाच. गॅस्केट नवीनच घ्या, सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, ते सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्हीला बाधतं. जुना कन्व्हर्टर गॅरेजात सोडून येऊ नका, त्यातल्या धातूंना भंगारातही चांगली किंमत येते, ती तुमची आहे.

आणि यापुढं लाइट लुकलुकायला लागला तर तसंच दामटू नका, ती मिसफायरची, म्हणजे त्याच मिसिंगची, सूचना असते. बॅटरी डाऊन झाली तरी धक्का स्टार्टही टाळा, त्यानंही कच्चं पेट्रोल आत जातं.

प्रश्न (एक ताई, निपाणी): गाडी खाली खडखडते, कन्व्हर्टर फुटलाय म्हणतात. खरं का?

उत्तर: ताई, लगेच घाबरू नका. थंड गाडीखाली कन्व्हर्टरवर रबरी हातोडीनं हलकेच ठोकून बघायला सांगा. आतून खुळखुळ आलं तर वीट फुटलीय. पण बऱ्याचदा वरचा उष्णता अडवणारा पत्राच गंजून सुटलेला असतो, तो मोठ्या होज क्लिपनं आवळला की काम होतं. पत्रा काढून मात्र टाकू नका. उसाच्या फडाजवळ वाळल्या पाल्यावर गाडी लावली तर तापलेल्या कन्व्हर्टरनं पाला पेटू शकतो.