लीगचा करार हातात असताना देशाच्या शिबिराला जावं का?

तुमचा भाचा बावीस वर्षांचा, कबड्डीत डावा कोपरा सांभाळतो, गेल्या हंगामात प्रो कबड्डी लीगच्या संघात आला. आता भारताच्या संभाव्य संघाच्या शिबिराचं पत्र आलंय आणि नेमक्या त्याच दिवसांत लीग संघाचंही शिबिर आहे. संघवाले तोंडानं "जा की" म्हणतात, पण पुढचा करार कसा होईल याबद्दल कुणी बोलत नाही. त्यावरून तुम्ही मोठा प्रश्न विचारलात, की ज्याचं पोटच खेळावर आहे त्यानं देशासाठी खेळावं का, आणि खेळलाच पाहिजे असं त्याला सांगण्याचा हक्क कुणाला आहे का.

माझं मत आधी सांगतो. जावं. मात्र नुसत्या शब्दावर जाऊ नये, कागद हातात घेऊन जावं. आणि नाही गेला तर त्याला पैशाचा लोभी म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही. तो शब्द मी मैदानावर बसलेल्या लोकांच्या तोंडून फार ऐकला आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. कोपरारक्षकाचं आयुष्य त्याच्या गुडघ्यांवर असतं. चढाईपटूचा घोटा धरून त्याचं सगळं वजन अंगावर घ्यायचं, वर आपलेच साखळीतले दोन गडी येऊन पडणार. असं दहा-बारा वर्षं टिकला तर नशीबवान. त्या वर्षांतच घर उभं करायचं असतं.

आपल्या कबड्डीत देश आणि पोट कधीच वेगळे नव्हते, हे आधी ध्यानात घ्या. लीग २०१४ मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या स्पर्धांमध्ये व्यावसायिक गट आहे: रेल्वे, बँका, पोलीस, तेल कंपन्या, मोठे कारखाने यांचे संघ. पोरं मंडळातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून राज्यात जायची आणि अंगावर महाराष्ट्राचा किंवा भारताचा गणवेश आला की खेळाडू कोट्यातून नोकरी लागायची. म्हणजे देशाचा गणवेश हीच भाकरीची वाट होती. तेव्हा 'देश की पैसा' असा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. लीग आल्यावर गणवेश न घालताही पैसा मिळू लागला, म्हणून आज तो प्रश्न तुमच्या घरात आला आहे. पोरांची नियत फिरली म्हणून नव्हे.

मुलींकडे बघितलं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला. त्या संघात आपल्या सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ होत्या. राज्य सरकारनं त्यांना प्रत्येकी १ कोटी रुपये जाहीर केले. पुरुषांची लीग हंगामामागून हंगाम वाढत गेली, मुलींसाठी मात्र २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली आणि पुढे ती चालू राहिली नाही. मुलींना आजही देशाचा संघ आणि नोकरी हेच दोन आधार आहेत. त्यांच्यापुढे तुमच्या भाच्यासारखी निवड करायची वेळ यावी, असं मला मनापासून वाटतं.

आता, नकार कुणाचा असतो ते बघू. मी जेवढी उदाहरणं पाहिली त्यात खेळाडू बहुधा तयार असतो. अडवणूक करार लिहिणारे आणि तारखा ठरवणारे करतात.

भारतीय क्रिकेट संघाचा १९५२ चा इंग्लंड दौरा घ्या. विनू मांकड त्या मोसमात लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबकडून पगारी खेळाडू म्हणून खेळणार होते. दौऱ्यासाठी माझी निवड नक्की असेल तर सांगा, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तशी हमी मिळाली नाही आणि ते क्लबकडे गेले. चूक काय होती? घर चालवणाऱ्या माणसानं मोसमभराच्या कामाची खात्री मागितली, एवढंच. मग लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली आणि क्लबकडे मांकडांसाठी विनवणी करावी लागली. क्लबनं सोडलं. लॉर्ड्सवर मांकड आले ते सलामीला जाऊन ७२ धावा करून गेले. मग ७३ षटकं टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले, आणि एवढी गोलंदाजी केल्यावर पुन्हा सलामीला येऊन १८४ धावा काढल्या. सामना भारत हरला, तरी ती कसोटी आजही मांकडांच्या नावानं ओळखतात. क्लबचा पगारी माणूस देशासाठी जीव तोडून खेळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ७३ षटकांचा आकडा पुन्हा वाचावा.

त्याच उन्हाळ्यात आपले खाशाबा जाधव हेलसिंकीला कांस्यपदक जिंकत होते. त्यांच्यामागे कसला क्लब नव्हता, करारही नव्हता. जाण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले. एक पगारी, एक हौशी. दोघांचीही तयारी होती. कमी पडले ते त्यांना पाठवणारे.

हे जुनं झालं म्हणाल, तर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांतला फुटबॉल घ्या. ती स्पर्धा फिफाच्या आंतरराष्ट्रीय तारखांमध्ये बसत नव्हती, त्यामुळे खेळाडू सोडायचं बंधन क्लबांवर नव्हतं, आणि आयएसएल या आपल्या फुटबॉल लीगचा हंगाम तर त्याच आठवड्यात सुरू होत होता. शेवटपर्यंत नावांची अदलाबदल चालली. जमवाजमव करून केलेला संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरला. सुनील छेत्री होते, पण सोबत सराव केलेला संघ नव्हता. मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती, राहुल के. पी.नं सुंदर गोल केला होता. उत्तरार्धात पाय उचलेनात आणि चीननं ५-१ नं हरवलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्या पोरांना बोल लावले. ती पोरं तर आली होती!

दक्षिण आफ्रिकेनं २०२४ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडला कसोटी मालिकेसाठी जो संघ पाठवला, त्याचा कर्णधार नील ब्रँड तोपर्यंत एकही कसोटी खेळलेला नव्हता. मुख्य खेळाडू त्यांच्या मंडळाच्याच टी-२० लीगमध्ये अडकले होते, कारण लीगशी तसा करार मंडळानंच केला होता. पहिली कसोटी २८१ धावांनी गेली आणि मालिकाही गेली. देशाच्या आधी लीग कुणी ठेवली? क्रिकेट मंडळानं. वेस्ट इंडिजचा संघ २०१४ मध्ये धरमशालेहून भारताचा दौरा अर्धवट टाकून परतला, तेव्हाही मुळाशी मानधनाचा करार होता. खेळाडू म्हणत होते की आमच्या संघटनेनं मंडळाशी परस्पर ठरवलेली रक्कम आम्हाला मान्य नाही. प्रेक्षक म्हणून तेव्हा राग येणं साहजिक होतं. पण कराराची बाजू समजून घेतल्यावर तो राग खेळाडूंवर टिकत नाही.

फुटबॉलनं यावर एक मार्ग काढला आहे, तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. वर्षातल्या ठरलेल्या तारखांना क्लबानं खेळाडू सोडायलाच हवा. देशाकडून खेळताना दुखापत होऊन तो २८ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर फिफा क्लबाला त्याच्या पगाराची भरपाई देतं, वर्षाला ७५ लाख युरोपर्यंत. २०२२ च्या विश्वचषकासाठी खेळाडू सोडल्याबद्दल क्लबांना एकूण २० कोटी ९० लाख डॉलर वाटले गेले. तिथेही कुरबुरी आहेतच, पण दुखापतीची जबाबदारी कुणाची हे आधी लिहिलेलं आहे. आपल्या कबड्डीत असं काहीतरी व्हावं म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे बोलत असतो.

मग एवढं सगळं असूनही जावं, असं मी का म्हणतो?

कारण कबड्डीत सर्वात वरची लढत लीगमध्ये होत नाही. इराणचे सगळे खेळाडू एका बाजूला फक्त देशाच्या सामन्यात येतात. लीगमध्ये ते वाटले गेलेले असतात. फझल अत्राचली यू मुंबाकडून खेळला, २०१८ च्या लिलावात १ कोटीला गेला, आपल्या चढाईपटूंची पावलं त्यानं इथंच पाठ केली. त्याच वर्षी जकार्ताला आशियाई खेळांच्या उपांत्य फेरीत इराणनं आपल्याला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून एकही सुवर्ण न सोडलेला आपला पुरुष संघ कांस्यावर आला. मुलींचा अंतिम सामना आपण इराणकडूनच २७-२४ असा हरलो, आणि इराणच्या मुलींना तयार केलं होतं नाशिकच्या शैलजा जैन यांनी. आपली लीग आणि आपली माणसं यांच्याकडून ते शिकले. यात मला काही वावगं वाटत नाही. खेळ असाच वाढतो. पण त्यांच्यासमोर उभं राहायचं तर आपली सगळी चांगली पोरं एकत्र यायला हवीत, एकमेकांची साखळी धरायची सवय व्हायला हवी, आणि ती सवय शिबिरातच होते. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी यांची वेळ जमायला आठवडे लागतात. चार दिवस आधी येऊन ती जमत नाही.

दुसरं असं की नियमसुद्धा लीगचे वेगळे आणि बाहेरचे वेगळे असू शकतात. हांगझोऊचा कबड्डीचा अंतिम सामना आठवा. २८-२८ अशी बरोबरी, सामना अगदी संपत आलेला, पवन सेहरावतची चढाई. कुणाला स्पर्श न करता तो राखीव पट्ट्यात, म्हणजे स्पर्श झाल्यावरच जिथे जाता येतं त्या मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्यामागे इराणचे पकडीचे गडीही गेले. आता बाद कोण? फक्त चढाईपटू आणि त्याला ढकलणारा, की मागे गेलेले सगळेच? लीगमध्ये रुळलेला अर्थ एक, आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकातला दुसरा. तासभर खेळ थांबला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. मी वर्षानुवर्षं पंचगिरी केली आहे, तरी त्या तासात माझाही जीव टांगणीला लागला होता. शेवटी ३३-२९ नं आपण जिंकलो. असा प्रसंग अंगावर घेऊन आलेला बचावपटू पुढे लीगमध्येही वेगळाच खेळतो.

त्या संघात नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता, आकाश शिंदे होता. समोर इराणकडून मोहम्मदरेझा शादलू होता. अंतिम सामना ७ ऑक्टोबरला झाला, लिलाव त्यानंतर दोनच दिवसांनी. पवन २ कोटी ६० लाखांच्या वर गेला, शादलूला पुणेरी पलटणनं २ कोटी ३५ लाखांना घेतलं. पुढे १ मार्च २०२४ ला पलटण विजेती झाली तेव्हा कर्णधार अस्लम होता आणि शादलू त्याच्याच बाजूला बचाव सांभाळत होता. देशासाठी खेळल्यानं यांतल्या कुणाचा बाजार पडला नाही. भाच्याच्या मनात करार हुकण्याची जी भीती आहे, तिच्यासमोर हे ठेवा.

आणि एक गोष्ट मनातली सांगतो. लीगचा संघ त्याला दोन वर्षांनी सोडून देईल, लिलावात दुसरा घेईल, तिसऱ्या गावाचं नाव छातीवर येईल. त्यात गैर काही नाही, तो व्यवहार आहे. देशाच्या संघातून मात्र त्याला कुणी विकू शकत नाही. तिथे निवड होते ती खेळावर व्हावी अशी अपेक्षा असते, नाही झाली तर भांडता येतं. २०१८ मध्ये तर निवडीचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि त्याच वर्षी कबड्डी महासंघावर प्रशासकही नेमला गेला. भांडण्यासारखं काही आहे, हेच मला मोलाचं वाटतं.

न जाण्याचीही कारणं असतात आणि ती मानायला हवीत. दुखापत लपवून शिबिराला जाणं हा गुन्हा समजा. किरकोळ मैत्रीपूर्ण मालिका आणि आशियाई खेळ यांना एकाच पारड्यात टाकू नका. न्यूझीलंडचा क्रिकेटपटू ट्रेंट बोल्ट यानं २०२२ मध्ये कुटुंबाला वेळ मिळावा म्हणून मंडळाचा वार्षिक करार सोडला, उघडपणे सांगून सोडला, आणि तरी २०२३ चा विश्वचषक तो देशाकडून खेळला. दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा असला की असं जमतं.

आता कागदांचं. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाचा गुडघ्याचा अस्थिबंध शिबिरात तुटला. निवडणारे म्हणाले क्लबाला विचारा, क्लब म्हणाला ज्यांच्या शिबिरात झालं त्यांना विचारा. शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या नोकरीच्या ठिकाणच्या विम्यातून झाला. नोकरी नसती तर काय, हा विचार करून आजही झोप उडते. म्हणून लीग संघाकडून एक पत्र घ्या: शिबिराच्या तारखा, तितके दिवस रजा मंजूर, मानधनात कपात नाही, आणि या काळातल्या दुखापतीमुळे करार रद्द होणार नाही. ईमेलवर आलं तरी चालेल, फोनवरचा शब्द चालणार नाही. शिबिराच्या पत्रात वैद्यकीय खर्चाबद्दल काय लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर राज्य संघटनेमार्फत लेखी विचारा आणि पोच घ्या. स्वतःचा अपघात विमा काढा. त्यात व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते का हे एजंटला विचारू नका, पॉलिसीतच वाचा. आणि निघण्यापूर्वी दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय करून अहवाल जपून ठेवा. उद्या कुणी "हे दुखणं जुनंच होतं" म्हणालं तर तोच कामाला येईल.

लीग संघ पत्र द्यायला तयार नसेल तर कराराची प्रत काढा आणि राष्ट्रीय संघाबद्दलचं कलम काय म्हणतं ते मला कळवा. त्यावर पुढचं बोलू.