वाचकांचे प्रश्न : यंदा वाचलेल्यातलं काय आवडलं?

प्रश्न : ताई, दर डिसेंबरला विचारतो तेच विचारतो. वर्षभरात जे वाचलंत त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं? लांबलचक यादी नको, एकच नाव सांगा. (वाचक, सोलापूर)

एकच नाव घ्यायचं तर विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. यंदा माझं बरंचसं वाचन आत्मकथनांचं झालं, ठरवून नाही, एकातून दुसरं निघत गेलं, आणि एक गोष्ट मनात पक्की झाली, ज्यांनी आपण काही साहित्य लिहितोय असा आव आणला नाही, समोर बसलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, त्यांची पुस्तकं डोक्यातून जात नाहीत.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज, भिक्षुकीवर भागत नाही, तेवढ्यात कानावर येतं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून १८५७ साली ते काकांबरोबर निघाले. निघाले दक्षिणेसाठी आणि जाऊन पडले थेट बंडात. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. झाशीच्या राणीबद्दल आपण शाळेपासून वाचत आलोय, घोडा, तलवार, पाठीला बांधलेलं मूल, पण इथे वेढ्यातलं शहर आतून दिसतं, तोफांचे गोळे पडतायत, लोक जीव मुठीत धरून बसलेत, आणि हा कोकणातला भिक्षुक ते सगळं बघतोय. शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. मोठेपणा नाही, वीरश्री नाही, जेवायला कुठे मिळालं, जवळचे पैसे कसे सांभाळले, कोणी लुबाडलं, सगळं सरळ सांगितलंय. एवढ्या वणवणीनंतर घरी येताना कमाई म्हणावी तर खांद्यावर गंगेची कावड, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालायचं म्हणून आणलेली. तो भाग मी दोनदा वाचला.

हे त्यांनी लिहिलं इतिहासाचे अभ्यासक चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, पण इंग्रजी राज्यात छापायचं कसं, म्हणून बरीच वर्षं तसंच पडून राहिलं आणि १९०७ मध्ये वैद्यांनी छापलं, तेही बराच हात फिरवून. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलं. शक्य असेल तर मूळ बरहुकूम असलेली आवृत्तीच घ्या, भटजींची बोलण्याची ढब तिच्यातच आहे.

प्रश्न : 'स्मृतिचित्रे'तला धडा शाळेत होता, मजेशीर होता एवढं आठवतं. पूर्ण पुस्तक आता वाचण्यासारखं आहे का? की जुनं वाटेल? (वाचक, नाशिक)

अहो वाचाच! नाशिककरांनी तर आधी वाचायला हवं. धड्यामुळे या पुस्तकाचं एक नुकसान झालंय असं माझं स्पष्ट मत आहे, लोकांना वाटतं लक्ष्मीबाई टिळक म्हणजे विसरभोळ्या नवऱ्याच्या गमती सांगणाऱ्या आजी. गमती आहेतच, भरपूर आहेत, पण खाली काय चाललंय ते बघा.

मी हे 'माझा प्रवास'च्या पाठोपाठ वाचलं आणि सुरुवातीलाच थबकले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अख्खं घर त्या धुण्यापुसण्यात पिचून गेलेलं. आणि हे कुठून सुरू झालं? तर त्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली, त्या धक्क्यातून. म्हणजे झाशीत जे चाललं होतं त्याची झळ इकडे एका घराच्या मोरीपर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत आली आणि लहान पोरीचं सगळं बालपण त्यात गेलं. इतिहासाच्या पुस्तकात हे कुठे सापडणार?

मग त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. बायकोला न सांगता. त्या काळात अशा बाईचं काय होत असेल विचार करा, नवरा जिवंत आहे पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही, पदरात लहान दत्तू. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्यांनी ज्या पद्धतीने सांगितलीत ना, जातपात माणसाने केली की देवाने हा प्रश्न त्या मोठ्या पंडितांसारखा सोडवत नाहीत, आपल्या जगण्यातून, आपल्या डोक्याने विचार करत करत सोडवतात, आणि एकदा सुटला की मागे वळून बघत नाहीत. मला आजवर वाचलेल्या मराठी गद्यातला हा सगळ्यात धीट भाग वाटतो. आणि बालकवी आवडत असतील तर त्यांच्यासाठीसुद्धा वाचा, टिळकांच्या घरात राहणारा रुसका, हट्टी, लाडका ठोंबरे, म्हणजेच बालकवी, इथे भेटतो, कवितांच्या पुस्तकात तो भेटत नाही.

मूळ पुस्तक १९३४ पासून चार भागांत आलं. संक्षिप्तही मिळतं, पण संपूर्णच घ्या.

प्रश्न : बोलीभाषेतली पुस्तकं मला जमत नाहीत. 'पाचोळा' दोनदा हातात घेतलं आणि ठेवून दिलं. काही युक्ती? (वाचक, पुणे)

मोठ्याने वाचा. खरंच, पहिली दहा पानं मोठ्याने. रा. रं. बोराडे यांची ही १९७१ ची कादंबरी मराठवाड्यातल्या शिंप्याच्या घरातली बाई आपल्या तोंडाने सांगते, ती कानाने ऐकायची गोष्ट आहे. डोळे अडखळतात ते स्पेलिंगला, कान अडखळत नाहीत. घरात कोणी धाराशिव (उस्मानाबाद)-लातूरकडचं असेल तर त्यांना वाचायला लावा आणि तुम्ही ऐका.

प्रश्न : मी 'बलुतं' वाचत होते तर सासूबाई म्हणाल्या, एवढं दुःखाचं कशाला वाचतेस, झोप लागणार नाही. त्यांचं चुकीचं आहे असंही वाटत नाही. तुम्ही अशी पुस्तकं आवडती कशी म्हणता? (वाचक, कोल्हापूर)

सासूबाईंना म्हणावं झोप लागणार नाही हे बरोबरच आहे. १९७८ मध्ये ग्रंथालीने दया पवारांचं 'बलुतं' काढलं तेव्हाही वाचणाऱ्यांची झोप उडालीच होती. पण फक्त दुःख म्हणून त्याच्याकडे बघू नका, त्याची रचना बघा. शिकून नोकरीला लागलेला दया पवार आणि आतला दगडू मारुती पवार, दोघं समोरासमोर बसलेत, दगडू सांगतोय आणि दया ऐकतोय. स्वतःचीच गोष्ट स्वतःला सांगायला एवढं अंतर का लागलं असेल, हा प्रश्न पुस्तकभर मागे लागतो. आणि मुंबईतली कावाखाना नावाची वस्ती! चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करून आणणाऱ्या, निवडत बसणाऱ्या बायका, गोदीत कामाला जाणारे वडील. मुंबईवर इतकं लिहिलं गेलंय पण ही मुंबई कोणी दाखवली होती?

याच्यानंतर उर्मिला पवारांचं 'आयदान' घ्या, २००३ चं. रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर चढत-उतरत जाणाऱ्या बायकांपासून ते सुरू होतं, डोक्यावर ओझी आणि तोंडाने चेष्टामस्करी. सूपटोपल्या विणणारी आई सगळ्या पुस्तकात विणतच असते. इथे हसूही येतं, मोकळं हसू. कोकण म्हटलं की ज्यांना फक्त समुद्र आणि हापूस आठवतो त्यांना मी यंदा हेच भेट दिलं. सासूबाईंनाही द्या, त्यांना आवडेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, मराठी वाचायचा कंटाळा करतो, मोबाइल सुटत नाही. त्याला काय देऊ? (वाचक, अकोला)

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ ची आहे, छोटी आहे, वाक्यं छोटी आहेत. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर कोवळा मास्तर पहाटे चालत निघतो, शाळेत पोरं नाहीत कारण पोरं मेंढरांमागे, इथून गोष्ट सुरू. कारभारी आणि आनंदा रामोशी एकदा भेटले की पोरगा पुढचं स्वतःच वाचेल. तोवर रोज रात्री चार पानं तुम्ही वाचून दाखवा. "वाचलंस का" असं विचारत मात्र मागे लागू नका.

प्रश्न : मी जर्मनीत असते. वेळ कमी मिळतो, छोटं पण जबरदस्त काहीतरी सांगा. (वाचक)

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९. दोन-तीन संध्याकाळी पुरे. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, बोटीवर जर्मनीतून बाहेर काढलेले ज्यू, त्यातली हॅर्टा आणि घरी परतणारा चक्रधर. शेवट सांगत नाही. हे युद्ध पेटलं त्याच वर्षी मराठीत लिहून छापलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा. तुम्ही जिथे राहता तिथे तर ते आणखी लागेल.

प्रश्न : यातली जुनी पुस्तकं मिळतात कुठे? दुकानात विचारलं तर मागवून देतो म्हणतात आणि विसरतात. (वाचक, सातारा)

'माझा प्रवास' आणि 'स्मृतिचित्रे' दोन्ही कॉपीराइटमधून मोकळी झालीत, त्यामुळे वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या आहेत, घेताना संपूर्ण आहे का ते आत उघडून बघा, मुखपृष्ठावर जाऊ नका. जुनी दुर्मिळ पुस्तकं राज्य मराठी विकास संस्थेने स्कॅन करून मोफत ठेवली आहेत, तिथेही शोधा. आणि तुमच्या तालुक्याच्या लायब्ररीत जा, जुन्या लायब्रऱ्यांत ही पुस्तकं असतात पण बाहेर मांडलेली नसतात, कारण मागणारं कोणी येत नाही. काउंटरवर नाव आणि लेखक चिठ्ठीवर लिहून द्या आणि आतल्या कपाटात बघायला सांगा.