माझ्या मुलाला (इयत्ता तिसरी) शाळेत जंगली प्राण्यांवर पाच मिनिटं बोलायचं आहे. मुलांना आवडेल अशी मजेशीर माहिती सांगाल का?

सांगते. पण एक अट आहे. ‘साळिंदर शत्रूवर बाणासारखे काटे फेकतं’ हे वाक्य त्याच्या भाषणात नको. तुम्ही प्रश्नाखाली नमुना म्हणून तीन वाक्यं दिली आहेत: शहामृग वाळूत डोकं खुपसतं, साळिंदर काटे फेकतं आणि चित्ता सगळ्यांत वेगवान असतो. त्यातलं दुसरं वाचलं आणि ओट्यावरचा पसारा तसाच टाकून लिहायला बसले. शहामृगाचंही खोटंच आहे. ते जमिनीतल्या उथळ खळग्यात अंडी घालतं आणि चोचीने ती फिरवायला मान खाली घालतं. पण शहामृगाशी माझं वैयक्तिक भांडण नाही.

साळिंदराला काटे फेकताच येत नाहीत. काटा म्हणजे त्याचा केसच, जाड होऊन टणक झालेला. आपल्या नखांत जे केराटिन असतं तेच त्यात. घाबरलं की कातडीतले स्नायू आवळतात आणि काटे उभे राहतात, आपल्या अंगावर काटा येतो त्याच तऱ्हेने. त्या अवस्थेत ते आहे त्याच्या दुप्पट दिसतं. मग पाय आपटतं, गुरगुरतं, शेपटी खुळखुळवतं. शेपटीच्या टोकाला आखूड, पोकळ, तोंड उघडं असलेले काटे असतात, ते एकमेकांवर आपटून आवाज होतो. एवढं करूनही समोरचा हटला नाही, तर पाठ फिरवून उलटं किंवा तिरकं त्याच्या अंगावर धावून जातं. काटे मुळाशी सैल असतात, टोचले की समोरच्याच्या अंगात राहतात. अंग झटकताना एखादा सुटा झालेला गळून पडतो. एवढ्याशा गोष्टीवरून ही अफवा दोन हजार वर्षं चालली आहे. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानेसुद्धा साळिंदर काटे सोडतं असं लिहून ठेवलंय. त्याला माफ आहे, त्याच्याकडे मोबाइल नव्हता.

आता माझं दुखणं. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. भावाची सुपारी-नारळाची वाडी आहे, आणि वाडी म्हटली की साळिंदर आलंच. नारळाची रोपं बुडापासून कुरतडतं, सुरणाचे कांदे उकरून नेतं. दगडी गडगा असला तरी त्याच्याखालून वाट काढतं. भाऊ त्याला ज्या शिव्या देतो त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मुलगी तेव्हा चौथीत जाणार होती. मे महिन्यात आम्ही तिकडेच होतो. एका रात्री परसाकडून खुळखुळ आवाज आला, पाठोपाठ कुत्र्याचं भुंकणं, मग एकदम केकाटणं. कुत्रा पडवीत आला तो नाकाडात, छातीवर आणि पुढच्या एका पायात काटे घेऊनच.

भावाने त्याच्या तोंडाभोवती गोणपाट गुंडाळलं, वहिनीने मागून धरलं आणि भाऊ पकडीने एकेक काटा सरळ ओढून काढत बसला. बॅटरी धरायला माझी मुलगी. मी म्हटलं, आत जा, रक्त आहे. ती हलली नाही. (सकाळी कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शनं झाली. तुम्ही घरी पकड घेऊन बसू नका. काटा आत मोडला तर पू होतो.)

काढलेला एक काटा मी धुऊन तिच्या हातावर ठेवला. वीतभर लांब, काळ्या-तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा, हाताला अगदी गुळगुळीत. वजन जवळजवळ नाहीच, कारण आतून तो स्पंजासारखा भुसभुशीत असतो. टोक मात्र बोटाला नुसतं लावलं तरी हात मागे येतो. त्यांत लांब, बारीक, लवचीक काटेही होते आणि आखूड, जाड काटेही. खरं काम करतात ते कमरेवरचे हे आखूड जाड. लांबवाले दिसायला भारी, पण पटकन वाकतात.

सकाळी ती मामाबरोबर गडग्यापाशी गेली. मातीत उकरल्याच्या खुणा होत्या, तिथेच दोन काटे पडलेले, आसपास कुठेही आणखी नाहीत. तिने मामाला विचारलं, फेकले असते तर लांब, त्या केळीपर्यंत पडायला नकोत का? मामा म्हणाला, कुत्रं मागून धावलं, साळू मधेच थांबलं, कुत्रं जाऊन आदळलं. म्हणून काटे कुत्र्याच्या नाकात आणि छातीत, पाठीवर एकही नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला इतकं स्वच्छ कारण-परिणाम मी तरी शिकले नव्हते.

पावसाळ्यात शाळेत प्रदर्शन होतं. तिने साळिंदराचा तक्ता केला, मधोमध खरा काटा चिकटवला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘साळिंदर काटे फेकत नाही. ते उलटं धावतं.’ परीक्षक म्हणून आलेल्या पाहुण्यांनी लाल पेनने ‘नाही’ खोडलं. तिने सांगायचा प्रयत्न केला तर म्हणाले, बाळ, पुस्तकात बघून लिहावं. मी नंतर जाऊन भेटले, तर मला ऐकवण्यात आलं की एवढ्याशा प्रदर्शनासाठी पालकांनी इतकं ताणू नये. मी ताणलं. काही उपयोग झाला नाही, बक्षीस थर्माकोलच्या सिंहाला मिळालं.

त्याचंही मी गिळलं असतं. पण त्या रविवारी धाकटे दीर जेवायला आले. भाऊजी सुट्टीत मुलांची शिबिरं घेतात, गोष्टी फार रंगवून सांगतात, मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. सगळं ऐकून म्हणाले, “वहिनी, मुलांना मजा हवी असते, पुरावे नकोत. बाण मारणारं साळिंदर किती भारी वाटतं! तुम्ही त्यातली हवाच काढून घेता.” हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे, दर गणपतीला एकदा तरी निघतोच. तेव्हा भाऊजी, हे वाचत असाल तर, माझं उत्तर इथेच घ्या.

बाण मारणाऱ्या साळिंदरात मजा किती? एक वाक्य. पोरगं ‘वॉव’ म्हणतं आणि विषय संपतो. आता खरं साळिंदर बघा. ते उंदीर-घुशींच्या नात्यातलं आहे, आणि भारतातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत ते सगळ्यांत मोठ्यांपैकी. म्हणजे दहा-पंधरा किलोचा उंदीरभाऊ! उंदरासारखेच त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ते झिजवत राहावे लागतात. त्यासाठी आणि कॅल्शियम-फॉस्फरससाठी ते जंगलात पडलेली हाडं आणि हरणांची गळालेली शिंगं गोळा करून कुरतडतं. त्याच्या बिळाच्या तोंडाशी अशी चावलेली हाडं सापडतात. बघणाऱ्याला वाटावं इथे वाघ राहतो, आणि आत राहतं हे कंदमुळं खाणारं! पिल्लं जन्मतात तेव्हा काटे मऊ असतात, नाहीतर आईचं काय झालं असतं? ते थोड्याच काळात कडक होतात. आता तिसरीतल्या कुठल्याही मुलाला हे सांगा आणि प्रश्न मोजत बसा.

शिवाय ह्या उलट्या धावण्यापुढे वाघही हरतो. कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरच्या ज्या नरभक्षक वाघिणीने २४ माणसं मारली, तिचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतलेले होते. हरणं पकडता येईनात, म्हणून ती माणसांकडे वळली. तिला जिम कॉर्बेटनी मारलं. हे तिसरीच्या वर्गात सांगू नका, पण भाऊजींच्या शिबिरातल्या मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही. बाणाची गरज पडते का बघा.

बरं, तुमच्या मुलाचं भाषण. पाच मिनिटांत दहा प्राणी कोंबू नका, तीन-चार पुरेत. चित्ता घ्यायचा असेल तर वेग सोडा, तो प्रत्येक मुलाला पाठ असतो. चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही हे सांगा. तो मांजरासारखा गुरगुर करतो आणि पिल्लांना बोलावताना पक्ष्यासारखा चिवचिवतो. हा आवाज त्याला स्टेजवर काढू द्या, वर्ग खिशात. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं होतं, आणि १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये आणले, हेही जोडता येईल.

शेकरू आपला राज्यप्राणी, तो सोडू नका. ही मोठी खार एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांपर्यंत झेप घेते, आणि एकाच घरट्यावर भागवत नाही, आसपास बरीच बांधून ठेवते. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः तिच्यासाठीच. रानकुत्री, म्हणजे कोळसुंदे, भुंकण्यापेक्षा शिट्ट्या घालून एकमेकांना हाका मारतात आणि शिकार झाली की पिल्लांना आधी खाऊ देतात. खवल्या मांजराला एकही दात नसतो. भरमसाट लांब जिभेने मुंग्या-वाळवी ओढतं आणि संकट आलं की अंगाचा चेंडू करतं.

आणि तरस. दिसायला कुत्र्यासारखं, पण नात्याने मांजर-मुंगसांच्या जवळचं. हाडं चावून पचवतं, म्हणून त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते. बाईंना चालणार असेल तरच हे घ्या. मुलांना सगळ्यांत जास्त हेच आवडतं, माझ्या अनुभवाने सांगते. घोरपड मात्र मुद्दाम टाळते. गड चढण्याचा विषय निघतो आणि मग मुलं बाजूला राहून बापलोकांचंच भांडण लागतं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, इंटरनेटवर साळिंदराचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तो प्राणी वेगळा. तो झाडावर चढतो आणि त्याच्या काट्यांच्या टोकाला सूक्ष्म उलटे दाते असतात, त्यामुळे ते ओढले तर अडकतात. आपलं साळिंदर जमिनीवरचं, बिळात राहणारं, आणि काटे गुळगुळीत. चित्र लावताना तेवढं बघून घ्या. आणि दोन, भाषणाला शोभा म्हणून बाजारातून काटे विकत आणू नका. साळिंदराला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विकायला आलेला काटा बहुधा मारलेल्या जनावराचाच असतो. पुठ्ठ्याचा करा, पट्टे रंगवा.

परीक्षकांनी ‘पुस्तकात बघून लिहावं’ म्हटलं, तर मुलाला गप्प बसायला सांगा आणि तुम्ही बोला. मी तरी पुन्हा हेच करेन.