सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी बहिणीला पाळीत असह्य दुखतं. आता काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की बहीण १८ वर्षांची आहे, ३ वर्षांपासून पाळीत उलट्या होईपर्यंत दुखतं, मेफ्टाल या वेदनाशामक गोळीचा आता उपयोग होत नाही आणि ‘लग्न झालं की थांबेल’ असं सांगून डॉक्टरांनी परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहात. मी डॉक्टर नाही. पण इथेच पुण्यात हेच वाक्य मी ६ वर्षं ऐकलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी पाळी तेराव्या वर्षी आली. पहिलं वर्ष बरं गेलं, मग दर वर्षी दुखणं वाढत गेलं. अकरावीत असताना कर्वे रस्त्यावर भर दुपारी बसमधून उतरून फुटपाथवर बसले होते, उठताच येईना. घरी गरम पाण्याची पिशवी, ओवा, आणि ‘आमच्या वेळी कुठे होतं हे कौतुक’. पाळी अगदी वेळेवर यायची, रक्तस्राव नेहमीसारखा. त्यामुळे आत कुठे काही अडलं असेल अशी शंका कोणालाच आली नाही. दोन सोनोग्राफी झाल्या. एकीत सगळं नॉर्मल, दुसरीत ‘डाव्या बाजूला गाठ, बहुधा फायब्रॉइड’, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतली साधी गाठ.

ज्या डॉक्टरांनी शेवटी निदान केलं, त्यांनी आधी आईला थांबवलं आणि मला म्हणाल्या, “तू सांग. आणि एका बोटाने दाखव, नेमकं कुठे?” मी दर वेळी डावीकडे खाली एकाच जागी बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “किडन्या दोन्ही आहेत ना?”

आई गप्प झाली. आठवीत मुतखड्याच्या संशयावरून केलेल्या सोनोग्राफीत ‘डावी किडनी दिसत नाही’ असं लिहिलं होतं. एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो, असं तेव्हा सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. पण त्या ओळीचा पाळीशी काही संबंध असेल, हे आम्हाला कोण सांगणार? पोटातल्या बाळाचं गर्भाशय दोन बाजूंच्या दोन नळ्या एकत्र येऊन तयार होतं, आणि किडन्या त्यांच्या शेजारीच घडत असतात. एका बाजूची घडण बिघडली की कधी कधी दोन्हींवर परिणाम होतो.

एमआरआयमध्ये दिसलं की माझं उजवं अर्धं गर्भाशय पूर्ण वाढलेलं आहे. डावीकडे एक छोटा अविकसित भाग, ज्याला डॉक्टर ‘रुडिमेंटरी हॉर्न’ म्हणतात. त्याला आतून अस्तर आहे, पण बाहेर यायला वाटच नाही. उजवीकडचं रक्त बाहेर पडायचं, डावीकडचं दर महिन्याला आतच कोंडायचं. रिपोर्टात ‘यू४ए’ असा कोड होता. तो गर्भाशयाच्या जन्मजात दोषांच्या २०१३ च्या युरोपीय वर्गीकरणातला. दुर्बिणीतून तो भाग आणि त्या बाजूची बीजनलिका काढली. कोंडलेलं रक्त उलटं पोटात गेल्यामुळे थोडा एंडोमेट्रिओसिसही झाला होता, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढलं होतं. वेळेत कळलं हे बरं झालं, कारण अशा बंद हॉर्नमध्ये गर्भ राहिला तर तो फुटून जीवावर बेतू शकतं.

आता तुमच्या बहिणीबद्दल. तिला हेच असेल असं मी म्हणत नाही. असे प्रकार दुर्मिळ आहेत आणि एंडोमेट्रिओसिस त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मुलींना असतो. तोही सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही. पण दुखणं दर वर्षी वाढत असेल, एकाच बाजूला असेल, वेदनाशामक आणि डॉक्टरांनी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या ३ ते ६ महिने नीट घेऊनही थांबत नसेल, तर ‘पाळीत दुखायचंच’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

लग्न न झालेल्या मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे लघवी तुंबवून पोटावरूनच करतात. तिच्यात लहानसा बंद भाग सहज निसटतो किंवा फायब्रॉइड, चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) अशा नावाने खपून जातो. म्हणून ओटीपोटाचा एमआरआय करायचा का, हे स्पष्ट विचारा. त्यात क्ष-किरण नसतात. चिठ्ठीवर गर्भाशयाच्या जन्मजात रचनेची शंका असल्याचं आणि किडन्याही पाहाव्यात असं लिहून घ्या. नेमकं काय शोधायचं हे रेडिओलॉजिस्टला माहीत असलं की फार फरक पडतो. खासगीत खर्च झेपणारा नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

आणखी दोन-तीन नावं कानावर असू द्या. गर्भाशय आणि त्याची पोकळी नेहमीसारखी, पण एका कडेला स्नायूत रक्ताने भरलेली वेगळी पिशवी असते, तिला एक्यूम म्हणतात. ती बहुतेक तिशीच्या आत सापडते. रॉबर्ट्स युटरस प्रकारात बाहेरून आकार ठीक असतो, पण आतला तिरका पडदा एक बाजू बंद करतो. ओहविरामध्ये गर्भाशयं दोन, एका बाजूचा योनिमार्ग बंद, आणि त्याच बाजूची किडनी नसते. यांतलं काही निघालं तर अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या डॉक्टरांकडेच जा. एक्यूमला फायब्रॉइड समजून नुसती वाट पाहण्यात वर्षं जातात.

तोवर हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी थांबवून ठेवायला सांगितलं तर घाबरू नका. शस्त्रक्रियेआधीचे ४ महिने मी तशाच काढले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकही तास बुडवला नाही.

पुढच्या आठवड्यात जाताना तिला गेल्या दोन महिन्यांची नोंद आठवून लिहायला सांगा: कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला, किती गोळ्या, काय बुडलं. खोलीत डॉक्टरांशी तिलाच बोलू द्या. आणि आईला विचारून लहानपणीची सोनोग्राफीची फाइल शोधा, पोटदुखीची असो की लघवीच्या त्रासाची. आमची कपाटात लग्नपत्रिकांच्या खाली होती.