नुसतं बोलून काय होणार?

पहिल्यांदा समुपदेशनाला येणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात. काही जण विचारत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसतो. प्रश्न रास्त आहे. सत्र असतं साधारण पन्नास मिनिटांचं आणि आठवडा सात दिवसांचा. मधल्या दिवसांत काही वेगळं केलं नाही, तर बोलून मन हलकं होतं, पण भीती जागच्या जागी राहते.

हिशेबाचं काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). कामात चोख, पण बैठकीत तोंड उघडत नसत. आदल्या रात्रीपासून पोटात गोळा. बढतीचा विषय निघाला की तेच मागे सरत, कारण बढती म्हणजे आणखी बैठका.

"बोलताना चुकलात तर काय होईल?"

"सगळे हसतील."

"हसले, समजा. मग?"

"मग माझी लायकीच नाही, हे सगळ्यांना कळेल."

बहुतेकांची भीती इथेच येऊन थांबते. चूक एका वाक्याची, निकाल मात्र अख्ख्या माणसाचा. मी विचारलं, "शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचा आकडा चुकला तर त्याची लायकी नाही म्हणाल?"

"छे! आकडा चुकला म्हणेन." मग बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, माझ्यासाठी नियम वेगळा का लावतोय मी?"

हे वाक्य मी आधी बोलून टाकलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाईपर्यंत ते विसरले असते. अशा वेळी गप्प बसायला शिकावं लागतं.

मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करते, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवते. ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडली. ते आधी मनोविश्लेषण करत, म्हणजे मनात खोल दडलेलं उलगडत नेणारा उपचार, पण त्याची संथ गती त्यांना पटेना. तरुणपणी ते स्वतः स्त्रियांशी बोलायला घाबरत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बागेत महिनाभर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा सराव केला. सांगायचे ते असं, की शंभरेक जणींशी बोलणं झालं, भेटायचं एकीने कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. चुकू नये असं वाटणं साहजिक आहे; चुकताच कामा नये हा हट्ट माणसाला गोठवतो. तो हट्ट नुसत्या चर्चेने सुटत नाही, कृतीने सुटतो.

आमच्या गृहस्थांनाही स्वतःसाठी वेगळा नियम नको हे पटलं, तरी पुढच्या बैठकीत हात थरथरलेच. मग गृहपाठ ठरला. रोज एका छोट्या प्रसंगात बोलायचं आणि बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा. भीती शून्य ते शंभर अशी मोजून बोलण्याआधी, बोलताना आणि नंतर लिहायची. पहिले दोन आठवडे आकडा हलेना. कारण वहीत सापडलं: ते प्रश्न घरून पाठ करून येत आणि मान खाली घालून भराभरा वाचत. मग धडपणे पार पडलं तरी श्रेय पाठांतराला जाई. म्हणून पाठांतर बंद केलं. वर आणखी एक काम दिलं, वाक्य मध्येच मुद्दाम थांबवून म्हणायचं, "शब्द आठवत नाहीये, एक मिनिट." त्या दिवशी वहीत आधी पंचाऐंशी होतं, नंतर तीस. शेजारी लिहिलं होतं, "कोणी हसलं नाही. एकाने शब्द सुचवला." पुढच्या वेळी कोणी हसलं तर काय, तेही आम्ही आधीच बोलून ठेवलं. वाईट वाटेल, पण निभावेल.

त्यामुळे समुपदेशक निवडताना शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण झालं, कुठल्या पद्धतीने काम करता आणि फरक पडतोय हे कसं ठरवणार, हे पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा. गोपनीयता कुठवर, हेही विचारा. जिवाला धोका असेल तर ती मोडावी लागते आणि हे आधीच सांगायला हवं. झोप आणि भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर मनोविकारतज्ज्ञालाही लगेच भेटा. औषधं आणि समुपदेशन बरोबरीने चालतात. आणि पाच-सहा सत्रांनंतरही आठवड्यात काय करायचं हे ठरत नसेल, तर समोर बसूनच विचारा, "पुढच्या भेटीपर्यंत मी नेमकं काय करू?"