'ड्रॉ', 'ड्रॉ ऑन' आणि 'ड्रॉ डाउन' : पेन्शनच्या इंग्रजीत मुद्दल कुठे असतं?

प्रश्न असा आहे : ब्रिटनमध्ये नोकरी करून आता निवृत्त होणाऱ्या ताईंना पेन्शन कंपनीचं माहितीपत्रक आलं आहे. त्यात 'ड्रॉ', 'ड्रॉ ऑन', 'ड्रॉ डाउन', 'लिव्ह ऑफ', 'कॅश इन' अशी क्रियापदं जागोजागी आहेत. मराठीत सगळ्यांना 'पैसे काढणे' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. पैसे सगळीकडेच हातात येतात, पण मुद्दलाचं काय होतं ते क्रियापदाला चिकटलेला छोटा शब्द सांगतो. निवृत्त माणसाला तर नेमकं तेच कळायला हवं.

नुसतं 'ड्रॉ अ पेन्शन' म्हणजे पेन्शन घेणं. आपल्याकडे पगार 'उचलतात', तसंच हे. ठरलेली रक्कम ठरल्या वेळी येते, मुद्दलाचा विचार करावा लागत नाही. 'ड्रॉ ऑन सेव्हिंग्ज' म्हणजे गंगाजळीत हात घालणं. किती काढले हे इथे महत्त्वाचं नाही, नड कशातून भागवली हे महत्त्वाचं. 'डिप इन्टू' याच्याच शेजारचं, फक्त थोडेच काढल्याची छटा त्यात जास्त.

'ड्रॉ डाउन'मधला 'डाउन' मात्र साठ्याबद्दल बोलतो. धरणाचं पाणी सोडून पातळी उतरवतात, त्यालाही इंग्रजीत ड्रॉडाउनच म्हणतात. ब्रिटनमध्ये पूर्वी बहुतेक लोक निवृत्तीच्या वेळी साठलेल्या निधीतून अ‍ॅन्युइटी विकत घेत. पैसे विमा कंपनीला द्यायचे आणि तिने मरेपर्यंत ठरलेलं उत्पन्न द्यायचं. एप्रिल 2015 पासून नियम सैल झाले. वयाच्या 55 नंतर (एप्रिल 2028 पासून ही अट 57 होणार आहे) साधारण पाव हिस्सा करमुक्त काढता येतो आणि उरलेला निधी गुंतवलेलाच ठेवून लागेल तसे पैसे घेता येतात. या दुसऱ्या प्रकाराचं नाव ड्रॉडाउन. मी त्याला 'निधी गुंतवलेला ठेवून लागेल तशी उचल' म्हणेन. 'मुद्दल मोडून खाणे' म्हणायचा मोह होईल, पण ते थोडं कडक होतं. गुंतवणूक वाढत असते आणि काढणं त्या वाढीच्या आत राहिलं तर मुद्दल टिकतं. नाही राहिलं, तर 'रन आउट' होण्याची, म्हणजे पैसे आधी आणि आयुष्य नंतर संपण्याची भीती खरी आहे. ताईंनी या शब्दापाशी थांबून दोनदा वाचावं.

हाच शब्द कर्जाच्या कागदावर आला तर अर्थ वेगळा : मंजूर कर्जातली रक्कम उचलणं. शेअर बाजारात तो आणखी वेगळा : वरच्या टोकापासून झालेली घसरण.

'लिव्ह ऑन' आणि 'लिव्ह ऑफ' यांत मराठी 'वर' दोन्हीकडे चालून जातो. 'लिव्ह ऑन अ पेन्शन' म्हणजे तेवढ्या रकमेत भागवणं. 'लिव्ह ऑफ'मध्ये पैसा कुठून येतो यावर जोर. 'व्याजावर जगतात' यात काही वावगं नाही, पण 'लिव्ह ऑफ हिज पेरेंट्स' म्हटलं की ते थेट 'आईबापांच्या जिवावर जगतो' होतं.

'कॅश इन'ला आपल्याकडे फार चपखल शब्द आहे : मोडणे. एफडी मोडली, सोनं मोडलं. मात्र त्यापुढे 'ऑन' लागला की अर्थ पार बदलतो. 'कॅश इन ऑन' म्हणजे संधीचा फायदा उठवणं, तोही बहुधा न आवडण्याजोगा.

उलट दिशेनेही जपायला हवं. आपले सरकारी पेन्शनर सहज सांगतात, 'मी पेन्शन विकली.' म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेतले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 40 टक्क्यांपर्यंत असं करता येतं आणि 15 वर्षांनी कापलेला भाग पुन्हा सुरू होतो. हे इंग्रजीत 'सेल ऑफ' करून सांगितलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की पेन्शन कायमची गेली. तिथे 'कम्यूट' हाच शब्द वापरावा.

माहितीपत्रकात नसलेला, पण तिकडे कानावर पडणारा एक प्रयोग राहिला : 'पेन्शन ऑफ'. तो निवृत्त होणाऱ्याने स्वतःबद्दल आनंदाने वापरायचा नाही. 'ही वॉज पेन्शन्ड ऑफ' म्हणजे त्याला पेन्शन देऊन घरी बसवलं. जुन्या यंत्राबद्दलही तो वापरतात, तेव्हा मराठीत 'मोडीत काढलं' म्हणावं. ताईंच्या निरोप समारंभाच्या भाषणात साधं 'रिटायर' म्हणा.